शब्दचर्चा: ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्यय की हाक?

उद्यमबागकर:
आमच्या शॉपमधल्या प्रेस मशीनवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा एक छोटा बोर्ड बसवलाय. लिमिट स्विच दाबला गेला की एक नग मोजायचा, एवढंच त्याचं काम. स्विच आणि लिनक्स यांना जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला. आता हाताखाली दोन नवी पोरं आलीत, एक मराठी शाळेतलं, एक कन्नड. त्यांच्यासाठी दोन पानी टिपण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. इंटरप्ट म्हणजे ‘हातातलं सोडून आधी इकडे बघ’ असा प्रोसेसरला मिळणारा इशारा. त्याला छापील शब्द ‘व्यत्यय’. ‘स्विच दाबला की प्रोसेसरला व्यत्यय येतो’ असं लिहिलं तर पोरगं विचारणार, मग तो व्यत्यय काढून का टाकत नाही? पावसानं सभा मोडली तर तो व्यत्यय. इथं सगळा खटाटोपच तो यावा म्हणून आहे.

आयसीच्या (चिपच्या) पिनेला मात्र अडचण नाही. टाचणी कुणी म्हणत नाही, रिपेरीवाले सरळ ‘पाय’ म्हणतात. आयसीचा पाय तुटला, पाय वाकला. कन्नडवाल्याला ‘कालु’ सांगितलं की झालं.

निपाणीकर:
व्यत्ययावर एवढा राग नको. संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट, क्रम बदलणं. ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं त्याला वर्णव्यत्यय म्हणतातच की. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, दुसरं आधी करतो, मग परत येतो. क्रमच बदलला ना?

उद्यमबागकर:
मुद्दा पटला, पण हे पोराला समजवायला आधी व्याकरण शिकवावं लागेल.

वडगावचा मागवाला:
आमच्या घरी पॉवरलूम होते. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. ‘थांबा’ म्हणा की सरळ.

उद्यमबागकर:
दादा, माग थांबला की थांबलाच, माणूस येऊन धागा जोडेपर्यंत. प्रोसेसर थांबत नाही. कुठं होतो ते टिपून ठेवतो, स्विचचं काम उरकतो आणि सोडल्या ठिकाणाहून पुन्हा सुरू. चालू कामाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खानापूरकर:
‘हाक’ म्हणा. हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की चालणारा ड्रायव्हरचा तुकडा, तो हाकेला ओ देणारा. घरात बाई पोळ्या लाटते, दारातून हाक येते, ती ‘ओ’ म्हणते, तवा उतरवते, बघून येते आणि त्याच पोळीवर पुन्हा बसते. कन्नडात ‘कूगु’ म्हणजे हाक आणि ‘ओगोडु’ म्हणजे ओ देणं. दोन्ही पोरांना एकाच वाक्यात कळेल. इंटरप्ट न वापरता सारखं तपासत राहायचं ते पोलिंग, म्हणजे तीच बाई दर पोळीमागं दारात जाऊन ‘आलं का कोण?’ बघते. पोळ्या करपतात.

उद्यमबागकर:
हे बसलं! आणि बसलं म्हणजे किती बसलं बघा. एकाच इंटरप्ट लाइनवर (तारेवर) दोन-तीन उपकरणं असली की हाक सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाते. वाड्यात कुणी ‘अहो काका’ म्हणून ओरडलं की चार खिडक्या उघडतात तसं. प्रत्येकानं आपलं उपकरण तपासायचं. ‘मलाच’ असेल तर आयआरक्यू हँडल्ड (इंटरप्ट हाताळला) म्हणायचं, नसेल तर आयआरक्यू नन (माझा नाही). कुणीच ओ दिली नाही तर? कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोजतं. एक लाख हाकांत ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाल्या तर ती लाइनच बंद करतं आणि लॉगमध्ये लिहितं, ‘नोबडी केअर्ड’. कुणाला काही पडलेली नाही! हा संदेश मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रपाळी होती, आणि मला तो अगदी वैयक्तिक वाटला.

आणखी एक. ओ देणाऱ्यानं झोपायचं नाही. ‘झोपणं’ हा कर्नेलचाच शब्द, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबणं. हँडलरच्या वरच्या अर्ध्या भागानं (टॉप हाफ) फक्त ओ द्यायची, वेळखाऊ काम मागच्या थ्रेडवर, म्हणजे मागे सवडीनं चालणाऱ्या कामावर, टाकायचं. हाका थोडा वेळ ऐकायच्या नसतील तर मास्क करायचं, त्याला मी ‘कानात बोळे’ लिहिलंय.

निपाणीकर:
बरं, हरलो. पण एज (व्होल्टेज बदलतं तो क्षण) आणि लेव्हल (व्होल्टेज तसंच राहतं ती स्थिती), यांना काय? ‘धार’ लिहू नका, सुरीची वाटते.

वडगावचा मागवाला:
काठ! लुगड्याचा काठ. अंगाचा रंग संपतो आणि काठ लागतो, ती जागा.

उद्यमबागकर:
झकास. व्होल्टेज खाली येतं तो उतरता काठ, वर जातं तो चढता. काठावरची हाक एकदाच येते, चुकली की चुकली. पातळीवरची हाक म्हणजे बेलवर बोट दाबून उभा राहिलेला पाहुणा. उपकरणाला गप्प केल्याशिवाय हँडलर परतला की लगेच पुन्हा हाक.

माझा खरा घोळ काठावरच झाला होता. एका नगाला बोर्ड कधी तीन मोजायचा, कधी चार. स्विचची पत्ती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, प्रत्येक थरथरीला नवा काठ. ही थरथर गाळण्याला, म्हणजे डीबाउन्सला, काय म्हणू?

खानापूरकर:
दम. पहिल्या हाकेनंतर जरा दम धरायचा, मग पायाचं व्होल्टेज बघायचं, अजून खालीच आहे का.

निपाणीकर:
पायांचे नंबरही लिहा. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डावर ४० पाय, त्यातला ११ नंबरचा पाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जीपीआयओ १७. नवशिका हमखास चुकतो.

उद्यमबागकर:
हो, घर नंबर वेगळा, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर वेगळा, तसं सांगितलं. पोस्टमनला एक लागतो, सर्व्हेवाल्याला दुसरा. आणि स्विच २४ व्होल्टवर, पायाला ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर (दोन सर्किटं तारेऐवजी प्रकाशानं जोडणारा भाग), हेही लाल शाईत.

शेवटी पॅनेलच्या दाराच्या आतून कागद चिकटवला: ‘पाय ११. हाक: उतरता काठ. दम: २० मिलिसेकंद.’ दुसऱ्या दिवशी बघतो तर ‘दम’च्या खाली कन्नड पोरानं पेन्सिलीनं त्याच्या लिपीत लिहिलं होतं, ‘ताळु’. थांब जरा. मी ते शाईनं गिरवलं.