ओळख नसेल तर अर्ज टाकून उपयोग नाही?

सुनयना_के
माझी भाची सात महिने नोकरी शोधते आहे. परवा म्हणाली, "मावशी, आपली कुठे ओळख नाही, मग अर्ज तरी कशाला टाकायचे?" अकरा वर्षं मी भरतीच्या कामात आलेले अर्ज वाचते आहे, त्यामुळे ते वाक्य मनाला लागलं. तिचा बायोडेटा मागवला. सुरुवातीलाच "आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा विकास साधण्याची इच्छा" वगैरे. आणि दुसऱ्या पानावर, छंदांच्या जरा वर, एक ओळ: गोदामातल्या मालाची नोंद रोजच्या रोज जुळवायची पद्धत तिने बसवली आणि महिनाअखेरची मोजणी तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागली. नोकरी मिळवून देणारी ओळ तीच, आणि तिथपर्यंत कोणी पोचतच नसणार!

ओळखीचं म्हणाल तर ओळख म्हणजे वशिला, हाच मुळात गैरसमज आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ही जागा कुणाकडून कळली आणि त्या माणसाची तुमची गाठ कितीदा पडायची. १९७३ साली ते छापून आलं. ओळखीतून जागा मिळालेल्यांपैकी 'नेहमी भेटायचो' म्हणणारे १७ टक्क्यांच्याही आत होते. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. म्हणजे काका-मामा नव्हेत, तर जुन्या कामावरचा सहकारी, कधीकाळी एकत्र शिकलेला कुणीतरी. जवळच्या माणसांना आपल्याला जे ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. नवी बातमी दूरच्याकडून येते. अशी माणसं प्रत्येकाकडे असतात, आपण फक्त त्यांना विचारत नाही.

आणि 'सॉफ्टवेअर ७५ टक्के अर्ज आपोआप फेकून देतं' हा आकडा सगळीकडे फिरतो, त्यामागे कुठलाही अभ्यास मला सापडलेला नाही. मी वापरलेल्या प्रणाली अर्ज साठवतात, चाळायला मदत करतात. नाही म्हणणारा बहुतेक वेळा माणूसच असतो, आणि तो घाईत असतो.

रातपाळी
असहमत. ५४ जणांच्या उत्तरांवरचे ते टक्के आहेत, हेही सांगा की.

मी दोनशेच्या वर अर्ज केलेत. प्रत्येक वेळी बायोडेटा त्या कामाप्रमाणे बदलून. उत्तर आलं नऊ ठिकाणांहून. एका ठिकाणी तीन फेऱ्या झाल्या आणि नंतर कळलं की जागा आतल्याच माणसासाठी ठरलेली होती, जाहिरात नियमापुरती. आता यात माझी कुठली ओळ चुकली?

बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचा २००४ सालचा प्रयोग बघा. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सारख्याच दर्जाचे बायोडेटा पाठवले, फरक नावांचा. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. ओळी तेवढ्याच चांगल्या होत्या, तरीही. 'नीट लिहा म्हणजे मिळेल' हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तो तुमच्या बाजूच्या खुर्चीतून पसरतो.

पानगळ
रातपाळी यांना +१. त्यात माझी दोन वर्षांची गॅप. वडिलांचं आजारपण होतं. लोक म्हणतात, गॅप कुणी बघत नाही. बघतात! पहिला प्रश्न तोच असतो.

सुनयना_के
रातपाळी, ५४ चा मुद्दा बरोबर आहे, मीच लिहायला हवा होता. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर याची पुन्हा परीक्षा झाली. नोकरी बदलायला अगदी जवळच्यांपेक्षा जरा दूरच्या ओळखी जास्त कामी आल्या. तेव्हा मूळ मुद्दा टिकून आहे.

नावांचा भेदभाव मी नाकारत नाही. माझ्या शेजारी बसून नाव वाचून अर्ज बाजूला सारणारे मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत गप्पही बसले आहे. त्याची सल अजून आहे. दोनशे अर्जांनंतर तुमच्यात काही कमी आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच की जे आपल्या हातात आहे ते 'वशिल्याशिवाय काही नाही' म्हणत सोडू नका.

पानगळ, तुमचं खरं आहे. काम सुटून जितके महिने जातात तितकी बोलावणी कमी होतात, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दिसलं होतं. बरीचशी घट पहिल्या आठ महिन्यांतच. म्हणूनच गॅप लपवू नका. दोन तारखांच्या मधली मोकळी जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि वाईटच भरतो. "कौटुंबिक आजारपणामुळे काम थांबवले, आता पूर्णवेळ उपलब्ध" एवढं लिहा. त्या काळात हिशेब, कागदपत्रं, विम्याचे दावे सांभाळले असतील तर तेही.

अबोली२७
आणखी एक. मुलाखतीत फाडफाड बोलणाराच निवडला जातो म्हणून मी कित्येक वर्षं घाबरून होते. पण सगळ्यांना तेच प्रश्न विचारून उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा अंदाज चांगला देते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. अशा दोन मुलाखतींत मी अडखळत बोलूनही निवडले गेले.

रातपाळी
तशी मुलाखत घेणारे मला नऊपैकी एकाच ठिकाणी भेटले.

जुन्या कामावरचा एक जण आहे, चार वर्षं बोलणं नाही. इतक्या वर्षांनी नोकरीसाठीच फोन करायचा, लाज वाटते.

सुनयना_के
नोकरी मागू नका. तो आहे तिथे काम कसं चालतं, कुठली माणसं कमी पडतात, एवढंच विचारा. असा फोन मला आलाय, आणि खरं सांगते, बरं वाटलं होतं.

रातपाळी
रविवारी करतो. पण त्यानेही उत्तर दिलं नाही तर तेही इथे येऊन लिहीन, आणि तेव्हा हातात काय आहे ते पुन्हा सांगा.

पानगळ
विम्याचे दावे सात केले होते, सातही मंजूर. ते कधी लिहायचं सुचलंच नव्हतं.