रोमचा इतिहास वाचायचाय? मग जाडे ग्रंथ आधी नकोत

निंबोणी

भाची अकरावीत आहे. ग्लॅडिएटरांच्या रील्स बघून बघून तिला रोमचं वेड लागलंय. "मावशी, आधी काय वाचू?" म्हणाली, तर आमच्या ह्यांनी माळ्यावरून गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास काढून दिला. सहा खंड! बरं, गिबन सुरू होतो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. तोवर सीझरला मरून दीडशेच्या वर वर्षं झालेली. पंगत उठल्यावर मांडवात शिरल्यासारखं. पोरीने त्यानंतर विषयच काढलेला नाही.

माझं म्हणणं असं की सुरुवात रोमन माणसांच्याच लिखाणाने करावी. सीझरच्या काळातला पुढारी सिसेरो, त्याची पत्रं घ्या, मग सुएटोनियसची बारा सीझरांची चरित्रं. एक नमुना देते. इ.स.पू. ४५चा डिसेंबर. नेपल्सच्या बाजूला सिसेरोच्या घरी सीझर जेवायला येतो, सोबत दोन हजार सैनिक. सीझर वांतीचं औषध घेत होता, म्हणून बिनधास्त जेवला, हेसुद्धा सिसेरो लिहितो. राजकारणावर अवाक्षर नाही, गप्पा सगळ्या साहित्याच्या. आणि मग मित्राला, अ‍ॅटिकसला, कळवतो की 'पुन्हा इकडे आलात की नक्की या' असं म्हणावं असला हा पाहुणा नव्हे, एकदा झालं तेवढं पुरे. तीन महिन्यांनी ह्याच पाहुण्याचा भर सभेत खून झाला.

अशी आठशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात. ह्यापुढे सनावळ्यांचं पुस्तक कोण उघडेल?

अभ्यासू बगळा

निंबोणीताई, पत्र झकास आहे, पण तुम्हाला ते झकास वाटतं कारण पुढच्या मार्चमध्ये काय होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. अकरावीतल्या मुलीला नाही. त्याच पत्रात मामुर्रा नावाचा एक इसम येतो. सीझरला त्याच्याबद्दल काहीतरी कळतं आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. काय कळलं, ह्यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तुमची भाची तिथेच अडकणार.

नावांचं तर विचारूच नका. मार्क अँटनीला ऑक्टेव्हियापासून दोन मुली, दोघींचं नाव अँटोनिया. स्किपिओ किती, केटो किती! नकाशा आणि वंशावळ हाताशी नसेल तर दहाव्या पानावर माणूस पुस्तक मिटतो.

आणि सुएटोनियस? कॅलिगुला बादशहा मेला इ.स. ४१ साली, हे महाशय जन्मले त्यानंतर तीसेक वर्षांनी. आधी सुएटोनियस म्हणजे बखरींवरून मराठ्यांचा इतिहास शिकण्यासारखं झालं. वाचायला बहार, विश्वासाला काय?

माझ्या मते मेरी बिअर्डबाईंचं 'एसपीक्यूआर' (२०१५) घ्यावं. रोम्युलसपासून सुरू न करता त्या इ.स.पू. ६३ मधल्या कॅटिलिनाच्या सत्ता उलथवण्याच्या कटापासून सुरू करतात आणि इ.स. २१२ मध्ये, साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व मिळालं तिथे, थांबतात. मधली वाट नीट कळते.

तिरकामठा

गिबन माळ्यावर होता म्हणजे ह्यांनीही वाचलेला नाही. :)

निंबोणी

@तिरकामठा, पहिल्या खंडाच्या चाळिसाव्या पानात २००४ सालचं एसटीचं तिकीट आहे. पुढे सगळं कोरं.

@बगळेदादा, बखरीचा दाखला तुम्ही काढलात ते बरं झालं. राजवाडे बखरींवर तुटून पडले ते अस्सल पत्रांच्या बाजूने. सिसेरोचं पत्र म्हणजे अस्सल कागदच की! बखर म्हणायचंच तर सुएटोनियसला म्हणा, आणि तिथेही जरा थांबा. टॅसिटस ह्या रोमन इतिहासकाराने कॅलिगुलावर लिहिलेला भाग गहाळ आहे. मग सुएटोनियसला टाळून जाणार कुठे? आणि तो काही डोळे मिटून लिहीत नाही. कॅलिगुलाच्या घोड्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, हे तो ठामपणे सांगतो. त्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा वरिष्ठ अधिकारी, करणार होता, इथे मात्र 'असं म्हणतात' अशी पुस्ती जोडतो. रीलमध्ये ते 'म्हणतात' गळून पडतं आणि घोडा थेट कॉन्सल होऊन बसतो. हे पोरीने मूळ ओळीतच पकडायला हवं.

बिअर्डबाईंबद्दल आदर आहे. पण दर चार पानांनी 'हेही खात्रीने सांगता येत नाही' म्हणतात. आधी काही ऐकलेलंच नसेल तर कशावर शंका घ्यायची?

लोकलवारी

कर्जत ते सीएसएमटी, उभ्याने. माईक डंकनचा रोमवरचा पॉडकास्ट (२००७ ते २०१२) असाच ऐकून संपवला, पावणेदोनशेच्या वर भाग आहेत. सुरुवातीच्या भागांत आवाज रटाळ वाटतो, नंतर सवय होते. त्यानंतर कुठलंही पुस्तक अडलं नाही.

तेरणाकाठी

तुम्ही दोघंही रोममध्येच फिरताय. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तेरला या की. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे. तिच्या जातकुळीतली दुसरी १९३८ साली पाँपेईत सापडली, म्हणजे ७९ साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला काशाचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, वीतभरही नसेल. मी तो पाहायला गेलो तेव्हा एक शाळकरी पोरगा गुरुजींना विचारत होता, "हा देव कुठल्या गावचा?"

मराठी वाचकाने पेरिप्लसपासून सुरुवात करावी. पहिल्या शतकातल्या, इजिप्तकडच्या ग्रीक व्यापाऱ्याची टिपणं आहेत, दोन तासांत संपतात. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. कल्याणला गेलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जायची, हेही त्यात आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात दारू, त्यातही इटलीच्या दारूला पसंती.

अभ्यासू बगळा

तेरणाकाठी, माहिती सुरेख, पण हा रोमचा इतिहास नव्हे, रोमशी झालेल्या व्यापाराचा. सिनेट म्हणजे काय, ट्रिब्यून कोण, इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून असलेल्या टायबेरियस ग्रॅकसला सिनेटरांनीच बाकांचे तुकडे घेऊन का मारलं, ह्यातलं पेरिप्लसमध्ये काही नाही. आणि हे कळल्याशिवाय सीझर कळत नाही.

तेरणाकाठी

मान्य. पण ग्रॅकस वाचावासा वाटायला आधी काहीतरी लागतं ना. मला ती बाहुली लागली.

निंबोणी

उशिरा लिहितेय. काल भाचीला ते जेवणाचं पत्र मराठीत सांगत वाचून दाखवलं. मामुर्रापाशी अडली नाही (बगळेदादा, नोंद घ्या). पहिला प्रश्न, "दोन हजार लोकांना वाढलं कोणी?" ते पत्रात आहे. सैनिकांचा तळ बाहेर शेतात, सीझरच्या माणसांच्या पंगती तीन दालनांत, गुलामांनाही काही कमी पडू दिलं नाही.

दुसरा प्रश्न, "पण जेवायला जाताना दोन हजार सैनिक कशाला न्यायचे?"

हे पत्रात नाही. यादवी युद्ध, सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे, सीझरने ओलांडलेली रुबिकॉन नदी असं मागे मागे जात मी अर्ध्या तासात ग्रॅकसपर्यंत पोचले आणि माझीच गाडी अडली. बगळेदादा, ते बिअर्डबाईंचं पुस्तक उद्या ग्रंथालयातून आणतेय. माझ्यासाठी. तिला सिसेरोचं पुढचं पत्र हवंय.