व्हिडिओ लावून घरीच स्ट्रेचिंग आणि बॅलन्स, की क्लासच हवा?

ठाणेकर: माझं स्पष्ट मत आहे, अंग मोकळं करणं आणि तोल सुधारणं एवढंच हवं असेल तर क्लासला पैसे घालू नका. मराठी-हिंदीत ढीगभर व्हिडिओ पडलेत, सतरंजी घाला, टीव्हीवर लावा, झालं. आमच्या इथला क्लास सकाळी सहाला, तेव्हा डबे करायचे की वृक्षासन? मला वाकून मोजे घालता येत नव्हते, आता येतात, आणि समोर कुणी सर उभे नव्हते.

खवचट_पुणेकर: मोजे ठीक आहेत हो, तोलाचं काय? वृक्षासनात नजर एका जागी ठेवायची असते. तुम्ही टीव्हीकडे बघणार, त्या बाई मधेच पाय बदलणार, तुम्ही मान वळवणार की गेलात. आणि तुमचा गुडघा आत वळतोय हे व्हिडिओला कुठून दिसणार? अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, भिंतीचे दोर उगाच नाही आणले.

ठाणेकर: मग पट्ट्याऐवजी जुनी ओढणी घ्या की, पाठ टेकायला भिंत घरात आहेच. आणि व्हिडिओ आधी नीट बघायचा, मग बंद करून करायचं, सोबतच करा असं कोण म्हणालं? तुमच्या क्लासात तीस जणांत सर माझा गुडघा बघतात होय!

खवचट_पुणेकर: तीस जणांचा असेल तर तोही व्हिडिओच, फक्त फी जास्त. मी दहाबारा जणांच्या बॅचबद्दल बोलतोय.

फिजिओ_नाशिक: घरी करण्यात काहीच वाईट नाही. न्यूझीलंडचा ओटागो नावाचा व्यायामाचा प्रोग्रॅम म्हाताऱ्या माणसांनी घरीच करायचा असतो, आणि त्याने पडण्याचं प्रमाण साधारण 35 टक्क्यांनी कमी झालं. पण तिथे आधी शिकलेलं माणूस घरी येऊन बघतं, कुणाला काय झेपेल ते ठरवतं, घोट्याला वजनं बांधून पायांची ताकदही वाढवून घेतं. व्हिडिओ पंचविशीतल्या पोराला आणि हाडं ठिसूळ झालेल्या आजींना तेच सांगतो. त्या आजी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवायला गेल्या तर मणका फ्रॅक्चर होऊ शकतो, म्हणून मी ठाणेकरांच्या बाजूने नाही.

सुमनमावशी: मी साठी ओलांडलेली, क्लासला जायचं तर तीन जिने उतरा मग रिक्षा शोधा, कोण जातंय! ओट्याला हात टेकून एका पायावर उभी राहते, जमलं की एकच बोट ठेवते, मग तेही काढते. व्हिडिओतला मुलगा ‘और नीचे, और नीचे’ ओरडत असतो, त्याचं मी ऐकत नाही, ताण जाणवला की तिथेच अर्धा मिनिट थांबायचं, झटके द्यायचे नाहीत, दुखलं की सोडायचं. फिजिओ, हे बरोबर आहे का?

फिजिओ_नाशिक: एकदम बरोबर मावशी. फक्त ओल्या फरशीवर नको, आणि पायात मोजे नकोत. आठवड्यातून तीन दिवस तरी करा.

ठाणेकर: बघा, मावशी कुठल्या क्लासला गेल्या?

खवचट_पुणेकर: व्हिडिओचं तरी कुठे ऐकलं त्यांनी?