अथेन्समध्ये प्राचीन युद्धनौका कुठे पाहता येतील? सल्ला हवा

मीनल_प
मे महिन्यात चार दिवस अथेन्सला जातोय. माझी तेरा वर्षांची लेक ग्रीक आणि इराण्यांच्या सलामिसच्या समुद्री लढाईने झपाटलीय, वहीभर त्रायरीमची (वल्ह्यांचे तीन थर असलेली ग्रीक युद्धनौका) चित्रं काढलीत. खरी नौका कुठे बघायला मिळेल? सासूबाई सोबत आहेत, त्यामुळे उन्हात फार पायपीट नको.

दर्याकाठ
मीनलताई, मुलीला आधीच सांगून ठेवा, खरी त्रायरीम जगात कुठेच शिल्लक नाही. लाकडाची हलकी नौका, पोटात ना माल ना वजनाचे दगड. भोक पडलं तरी पाणी भरून तरंगत राही आणि जिंकणारे तिला ओढून नेत. मालाची जहाजं वजनाने तळाला गेली, म्हणून ती सापडतात.

पण अथेन्सच्या किनारी भागात, पालेओ फालिरोला 'ऑलिंपियास' ही त्रायरीमची प्रतिकृती कोरड्या गोदीत ठेवलीय. अभ्यासकांनी पुरावे जुळवून बांधलेली ही नौका 1987 साली पाण्यात उतरली. लांबी सुमारे 37 मीटर, वल्हेकरी 170. वरच्या थरात 62, मधल्यात 54, खालच्यात 54. स्वयंसेवकांनी वल्हवून तिला नऊ नॉटांच्या (ताशी सुमारे 17 किलोमीटर) आसपास वेग दिला. कुशीला उभं राहून खालच्या थराची भोकं नीट दाखवा. पाण्यापासून जेमतेम हातभर उंच, म्हणून तिथे वल्ह्याभोवती चामड्याची बाही बसवत.

दुसरं ठिकाण अथेन्सच्या बंदर-शहराचं, म्हणजे पिरेअसचं झेआ बंदर. एका राहत्या इमारतीखाली जुन्या नौकाशाळेचे, म्हणजे नौका पाण्याबाहेर ओढून ठेवायच्या छपरीचे अवशेष जपलेत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या शिलालेखांत पिरेअसच्या तीन बंदरांत मिळून अशा 372 नौकाशाळा मोजल्यात, त्यातल्या 196 एकट्या झेआत. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, तेच काम. लाकूड पाणी प्यायलं की नौका जड होते, शिवाय पोखरणारी कीड लागते.

सलामिस बेटावर मात्र वेळ घालवू नका, तिथे बघण्यासारखं फारसं नाही.

आगबोट
सलामिसबद्दल मला अजिबात पटलं नाही. पेरामाहून सलामिसवरच्या पालुकियाची फेरी बोट घ्या, सासूबाईंनाही बसल्या जागी समुद्र दिसेल. ख्रिस्तपूर्व 480 मध्ये इराण्यांचं मोठं आरमार त्या चिंचोळ्या पाण्यात का अडकलं, हे नकाशावर कळत नाही. तिथे दोन्ही काठ एकाच नजरेत येतात तेव्हा कळतं.

शिवाय अक्रोपोलिस संग्रहालयात लेनोर्मां शिल्पपट शोधा. संगमरवराचा तुटका तुकडा आहे, पण वरच्या थरातले वल्हेकरी ओळीने बसलेले स्पष्ट दिसतात. पिरेअसच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्रायरीमच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) बसवायचे संगमरवरी डोळेही आहेत. चित्रं काढणाऱ्या मुलीला ते चुकवू देऊ नका.

मीनल_प
दोघांचेही मनापासून आभार. फेरी नक्की! लेक विचारतेय, वल्हवणारे गुलाम होते का? सिनेमात साखळ्या दाखवतात.

दर्याकाठ
फेरीचं आगबोट यांचं म्हणणं मान्य, मी फक्त बेटाचा विचार केला होता.

साखळ्या नाहीत. अथेन्सच्या नौकांवर बहुतेक गरीब स्वतंत्र नागरिक आणि पगारी परदेशी असत. गुलामही काही वेळा असत, पण आरमार त्यांच्यावर उभं नव्हतं. मुलीला ख्रिस्तपूर्व 429 ची हकिकत सांगा. पिरेअसवर अचानक चाल करायला अथेन्सच्या शत्रूपक्षाचे, पेलोपोनेसचे खलाशी कॉरिंथहून मेगाराच्या बंदराकडे चालत निघाले. प्रत्येकाकडे स्वतःचं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं अडकवायचा चामडी पट्टा. तिथे चाळीस नौका तयार होत्या, पण बरेच दिवस पाण्यात न उतरवलेल्या, त्यामुळे फळ्यांतून पाणी येत होतं. पिरेअसपर्यंत जायची छाती झाली नाही, सलामिस लुटून परत फिरले.