वर्षाला ४,१८० किलोमीटर. गाडी ठेवावी का विकावी?

वाईकरीण (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला मी एक वही घातली. गाडीवर जाणारा प्रत्येक रुपया त्यात लिहायचा, अगदी पुसायच्या फडक्यापर्यंत, असं ठरवलं आणि वर्षभर पाळलं. या पाडव्याला बेरीज मारली आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. नवरा म्हणतो विकून टाकू. सासूबाईंना दारातली गाडी जावी हे पटत नाही. मला खरंच कळत नाहीये, म्हणून इथे विचारते.

गाडी मार्च २०१२ची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. आम्ही डहाणूकर कॉलनीत राहतो. नवऱ्याला ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जावं लागतं आणि कंपनीची बस चांदणी चौकातून मिळते. माझी शाळा कर्वे रोडला, स्कूटरवर दहा मिनिटं. थोडक्यात, रोजच्या कामाला गाडी कुणीच काढत नाही.

वर्षभरात गाडी ४,१८० किलोमीटर फिरली. लिटरला चौदाचं ॲव्हरेज आणि १०४ रुपयांच्या आसपासचा भाव धरून पेट्रोल ३१,०५० रुपयांचं. विमा ५,९००, सर्व्हिसिंग ८,६००, बॅटरी ५,२००, पुढचे दोन टायर ९,०००. सोसायटीचं पार्किंग महिना ६०० म्हणजे ७,२००, गाडी धुणाऱ्याचे ६,०००. नवीन नंबरप्लेट आणि पीयूसी मिळून १,००४. टोल आणि पे-पार्कचे ४,६००. एकूण ७८,५५४. भागाकार केला तर किलोमीटरला पावणेएकोणीस रुपये पडतात. पुण्यात रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ आहे. स्वतःची गाडी रिक्षापेक्षा महाग पडली, हे बघून मी दोनदा बेरीज तपासली.

आता दुसरी बाजू. त्या ४,१८० मधले २,१६० किलोमीटर वाईचे आहेत. आई-बाबा तिथे दोघंच असतात, मी महिन्यातून एकदा जाते, जाऊन-येऊन १८० किलोमीटर. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पहिली पायरी तिला चढवत नाही. मागून कुणीतरी आधार द्यायचा, पुढून कुणीतरी हात धरायचा, आणि मागे उभी असलेली माणसं थांबलीत म्हणून ती ओशाळते. तिला अर्धं तिकीट आहे, बाबांना पंचाहत्तर झाल्यामुळे तिकीटच नाही, पण त्या पायरीपुढे सवलतीचा उपयोग काय?

आणि जुलैमधली एक रात्र. सव्वाअकराला आईचा फोन आला, बाबांना दरदरून घाम सुटलाय. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना घरी आणलं, आम्ही पावसात खंबाटकी चढून दीड वाजता पोचलो आणि बाबांना तसंच साताऱ्याला नेलं. सगळं वेळेत झालं. त्या रात्रीची नोंद वहीत पेट्रोल आणि टोल एवढीच आहे.

विकली तर अशा रात्री काय करायचं? नाही विकली तर एरवी उभ्या राहणाऱ्या गाडीवर वर्षाला एवढा पैसा घालायचा का? ज्यांनी गाडी विकलीय किंवा मुद्दाम ठेवलीय, त्यांनी कृपया लिहा.

पेठेतला

ताई, वही घातलीत हे फार चांगलं केलंत. पण किलोमीटरने भागू नका, त्यातून चुकीचं उत्तर निघतं. मी बँकेत तीस वर्षं काढली, म्हणून थोडं अधिकारानं सांगतो.

तुमच्या खर्चाचे दोन भाग आहेत. पेट्रोल, टोल आणि पे-पार्क गाडी हलली तरच लागतात, ते ३५,६५०. उरलेले ४२,९०४ गाडी नुसती उभी राहिली तरी जवळपास तेवढेच जातात. टायर थोडे जास्त टिकतील इतकंच. ३६५ने भागा. दिवसाला साधारण ११७ रुपये तुम्ही गाडी खाली उभी आहे यासाठी देता. आणि एकदा किल्ली फिरवली की पुढचा किलोमीटर पेट्रोलच्या साडेसात रुपयांत पडतो. म्हणून गाडी दारात असली की रिक्षा महाग वाटते आणि माणूस कोपऱ्यापर्यंतही गाडीनं जातो. तेव्हा प्रश्न असा विचारा की रोजच्या ११७ रुपयांच्या बदल्यात मला काय मिळतं.

तुमच्या वहीत एक आकडा राहिलाय, गाडीच्या किमतीची घट. तेरा वर्षांच्या गाडीत आता घसरायला फारसं उरलं नाही, म्हणून तुम्हाला तो जाणवत नाही. पण ही विकून नवीन घ्यायचा विचार मनात असेल तर तो आकडा आधी मांडा. विमा कंपन्यांचा तक्ताच बघा. सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. सात लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत साडेतीन लाख गेले, म्हणजे वर्षाला सत्तर हजार. तुमच्या सगळ्या वहीइतके! आणि ते कुणाला मोजून द्यावे लागत नाहीत, त्यामुळे लक्षातही येत नाहीत.

माझं म्हणाल तर सदाशिव पेठेत जन्म गेला, चारचाकी घेतली नाही. ठेवणार कुठे? सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, विसरलं की क्रेन. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो झाली आणि मंडईला स्टेशन आलं, तेव्हापासून तर गावातल्या कामांसाठी गाडी काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तुम्ही वनाजला बसा, सिव्हिल कोर्टाला बदला, मंडईत वर या. मंडईजवळच्या पार्किंगच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुमची भाजी घेऊन होईल.

जुलैच्या रात्रीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्याला आकडा लावता येत नाही आणि मी लावायलाही जाणार नाही.

उंड्रीची

पेठेतले काका, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो पेठेतला आहे. राग मानू नका. तुमच्या दाराशी मंडई आहे, तुमचे डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आम्ही २०२३ला गाडी विकली होती. नवरा-बायको दोघं घरून काम करत होतो, पार्किंगचे पैसे वाचतील, लागली तर कॅब करू. आठ महिने निभावलं. मग मुलाला ताप चढला त्या रात्री तीन कॅब एकामागून एक रद्द झाल्या. चौथी आली, पण मधली चाळीस मिनिटं मी त्याला मांडीवर घेऊन सोसायटीच्या गेटवर बसले होते. पैशांचं मला काही वाटलं नाही. आपल्या मुलाला दवाखान्यात न्यायला आपण कुणाच्या तरी होकाराची वाट बघतोय, हे मात्र सहन झालं नाही. त्यानंतरही दीड-एक वर्ष कधी दिराची, कधी शेजाऱ्यांची गाडी मागत काढलं. लोक चांगले आहेत, देतात. पण दरवेळी फोन उचलताना जीव लहान होतो.

या दसऱ्याला परत घेतली. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला, तेवढीच मदत. आरटीओचा ११ टक्के कर भरलाच.

विकायचीच ठरली तर माझ्याकडून झालेली एक चूक टाळा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, आपला असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात सवलत मिळते. मला हे कुणी सांगितलं नाही. माझी ५० टक्के सवलत गेली.

स्पॅनर

मी सिंहगड रोडला गॅरेजमध्ये बावीस वर्षं काम करतोय. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ताई, तुमची गाडी चालून नाही, उभी राहून खराब होतेय. तुमचा खर्चच सांगतो. बॅटरी बसली कारण गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी होती. टायरचं पण तसंच. घासून संपायच्या आधी ते वयानं कडक होतात, कडेला चिरा पडतात. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '१४१९' म्हणजे २०१९चा चौदावा आठवडा. मागच्या दोन टायरचे आकडे आजच बघा. उंदरांचं तर विचारूच नका, उभ्या गाडीची वायरिंग कुरतडलेली महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात.

जागेवर इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवतात, त्यानं काही होत नाही. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालली पाहिजे. बॅटरी भरते, ब्रेकचा गंज जातो, इंजिन नीट तापतं.

दुसरं, तुमचं पार्किंग खाली बेसमेंटला असेल तर ऐका. २५ जुलै २०२४ला खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि एकता नगरीत शिरलं, तेव्हा आमच्याकडे गाड्या ओढून आणायची रांग लागली. पाण्यात नुसती बुडालेली गाडी बऱ्याचदा वाचते. पण पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईत स्टार्टर मारला त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं, कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. बुडालेली गाडी चालू करू नका, ओढून न्या, एवढं सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

तुमची गाडी मार्च २०२७ला पंधरा वर्षांची होते. मग आरटीओत तपासणी, परत नोंदणी. त्याची फी एप्रिल २०२२पासून ६०० ची ५,००० झालीय, पर्यावरण कर वेगळा. त्यात पत्रा, सस्पेन्शन काही निघालं तर तो खर्च. म्हणून विकायची असेल तर त्याच्या आधी वर्षभर विका, नंतर गिऱ्हाईक भाव पाडतं. आणि नुसत्या चाव्या देऊन मोकळ्या होऊ नका. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म देऊन आरसी समोरच्याच्या नावावर झालेली डोळ्यांनी बघा. तोपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच, अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येणार.

एक विचारू का? लहान तोंडी मोठा घास होईल. तुम्ही लिहिलंय त्यात गाडीची खरी गरज लागली ती सगळी वाईत. आईचे गुडघे वाईत, बाबा वाईत. त्या रात्री पण तुम्ही पुण्याहून रिकामी गाडी तिकडे नेलीत आणि गाडी लागली वाई ते सातारा. मग ती कोथरूडमध्ये का उभी आहे? तिकडे चालवणारं कुणी आहे का?

वाईकरीण (कोथरूड)

स्पॅनरदादा, लहान तोंडी वगैरे काही नाही. तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला आणि आम्ही दोघं जरा वेळ काही बोललोच नाही. इतकं सरळ आहे आणि दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

चालवणारा आहे. माझा चुलतभाऊ दोन घरं सोडून राहतो, त्याचं लायसन्स आहे आणि हात चांगला आहे. आमच्या घरापुढे अंगण आहे, पत्र्याची शेड आहे, तिथे बाबांची जुनी स्कूटर उभी असते. बाबांना विचारते. ते आधी नको म्हणणार, मुलीची गाडी कशी ठेवून घ्यायची म्हणून.

उंड्रीची, तुमचं गेटवरचं वाचून गलबललं. मुलगी लहान असती तर मी हा विचारही केला नसता. ती आता दहावीत आहे.

वाईकरीण (कोथरूड)

दीड महिन्यानं लिहितेय. बऱ्याच जणांनी पुढे काय झालं ते विचारलं.

गाडी वाईला नेऊन ठेवली. बाबा अपेक्षेप्रमाणे नको म्हणाले. मग मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि म्हणाले, 'सहा हजार धुण्याचे?' त्यानंतर विरोध संपला. निघायच्या आधी विमा कंपनीला फोन करून खात्री करून घेतली की वैध लायसन्स असलेला कुणीही माझ्या संमतीने चालवत असेल तर पॉलिसी लागू राहते. मागचे टायर २०१८चे निघाले, ते बदलले. भाऊ मंगळवारी आणि शनिवारी गाडी काढतो, आईला घेऊन कृष्णेच्या घाटावर गणपतीला जातो. बाबांची साताऱ्याची तपासणी मला फोन न येता झाली. झाल्यावर कळवलं.

पार्किंगचे आणि धुण्याचे मिळून वर्षाला १३,२०० वाचतील. विमा, सर्व्हिसिंग आहेच. मी आता स्वारगेटहून एसटीनं जाते. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाणं-येणं स्वस्तात होतं. घरून स्वारगेटला रिक्षाचे ११५-१२० लागतात, मेट्रोनं बरेच कमी. पण पहाटे सामान असलं की रिक्षाच करते.

सगळं गोड झालं असं नाही. पूर्वी येताना डिकीत आंबेमोहोराचं पोतं, हळद, आईनं बांधून दिलेलं काय काय असायचं. आता दोन पिशव्या, तेही मांडीवर. एका रविवारी परतताना गाडीला इतकी गर्दी होती की खेड शिवापूरपर्यंत उभी होते. सासूबाईंना संध्याकाळी खाली डोकावल्यावर आमच्या जागेत तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी दिसते, ते अजून लागतं. मी त्यांना म्हटलं, मेट्रोनं मंडईला जाऊ. त्या एकदा आल्या. सिव्हिल कोर्टाचे ते लांबच्या लांब सरकते जिने बघून घाबरल्या, मग लिफ्टनं गेलो. परत येतील असं वाटतंय, पण खात्री नाही.

मार्च २०२७ला पुन्हा नोंदणी करायची का, ते तेव्हा भावाशी बोलून ठरवू. गाडी जास्त तोच चालवत असेल तर कदाचित त्याच्याच नावावर करू.

पुढच्या गुरुवारी आईला गुडघ्यांसाठी पुण्याच्या डॉक्टरांकडे आणायचंय. भाऊच घेऊन येणार आहे. सेक्रेटरींना सांगून सोसायटीतली पाहुण्यांची जागा त्या दिवसापुरती मागून ठेवलीय.