मूतखडा आणि सिम्प्सनचा विरोधाभास
रोगाला ज्याचे नाव, तोच मूळ शोधक असतो असे नाही, आणि हे विरोधाभासांनाही लागू आहे. प्रत्येक गटात जे सरस ठरते, तेच सगळे गट एकत्र मोजले की मागे पडलेले दिसू शकते, हा संख्याशास्त्रज्ञ सिम्प्सनने १९५१ साली मांडलेला विरोधाभास यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच दाखवला होता.

मूतखड्यांवरचा १९८६ चा अभ्यास बघा. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ टक्के यशस्वी, पाठीत छिद्र पाडून दुर्बिणीने केलेली ८७. मोठ्या खड्यांत ७३ आणि ६९. दोन्हीकडे उघडी शस्त्रक्रियाच सरस. पण सगळे रुग्ण एकत्र मोजले की ७८ विरुद्ध ८३, चक्क दुर्बीण पुढे! कारण मोठे, अवघड खडे बहुतांशी उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते. नुसती एकूण टक्केवारी वाचून उपचार ठरवणाऱ्या रुग्णांची मला खरंच काळजी वाटते.