विंडोजचं अपडेट आल्या दिवशी घ्यावं की थांबून?

डिचोलीकर
दोन-चार संगणकांच्या कार्यालयाने अपडेट कधी घ्यावं, यावर नीट बोलूया. मायक्रोसॉफ्टचा मासिक सुरक्षा पॅच (विंडोजमधली भोकं बुजवणारं अपडेट) दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. आपल्याकडे तो रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास पोचतो, म्हणून बुधवारी दुकान उघडताना संगणक रीस्टार्ट मागत असतो. माझं मत: दहा दिवस थांबा. विंडोज ११ मध्ये अपडेट एक ते पाच आठवडे ‘पॉज’ करता येतं, होम आवृत्तीतही.

कारणं द्यायची तर, विंडोज १० ची १८०९ आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला आली आणि काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या गेल्या. चार दिवसांत ती थांबवावी लागली. सप्टेंबर २०२१ च्या पॅचनंतर नेटवर्कवर शेअर केलेले प्रिंटर चालेनात. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि बिल निघत नाही, याची जबाबदारी कोण घेणार?

वास्को_नेटवर्क
डिचोलीकर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. १८०९ हा आवृत्तीबदल होता, मासिक पॅच नव्हे. आवृत्तीबदलाला तीन महिने थांबलात तरी माझी हरकत नाही. मासिक पॅचचं तसं नाही. तो बाहेर पडला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून सुरक्षेतलं भोक नेमकं कुठे होतं ते हल्लेखोरांना शोधता येतं. म्हणजे पॅच निघाला त्याच दिवसापासून न लावलेलं मशीन जास्त धोक्यात येतं.

वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच १४ मार्च २०१७ ला उपलब्ध होता. ते भोक वापरायचं हत्यार १४ एप्रिलला उघड झालं आणि १२ मे रोजी हल्ला झाला. माझा नियम ४८ तासांचा आहे.

आणि ‘नवीन अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ हे बटण बंद ठेवा. महिनाअखेरीची ऐच्छिक, चाचणीवजा अपडेट त्यानेच आधी येतात. पुष्कळ ठिकाणी ते चालू असतं आणि मग दोष मासिक पॅचला दिला जातो.

डिचोलीकर
ताई, वॉनाक्रायमध्ये मधे दोन महिने गेले. मी दहा दिवस म्हणतोय.

हिशेबनीस_मडगाव
दहा दिवसही नकोत आणि ४८ तासही नकोत. कॅलेंडर उघडून बघा. महिन्याने विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ची मुदत ११ तारीख, ३-बी (कर भरण्याचं विवरण) ची २०. दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मध्ये कुठेही येतो. वास्कोताईंच्या ४८ तासांनी अपडेट बरोबर ११ च्या तोंडावर येऊ शकतं. डिचोलीकरांच्या दहा दिवसांनी ते १८ च्या पुढे जातं, म्हणजे ३-बी च्या गर्दीत. डिजिटल सहीच्या टोकनचा (यूएसबीत लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर त्या दिवशी रुसला तर विलंब शुल्क अशिलाच्या माथी.

आता दुसऱ्या मंगळवारनंतरचा रविवार धरा. तो कायम १३ ते १९ याच तारखांत पडतो. दर महिन्याला, न चुकता. ११ उलटलेली, २० यायची आणि कार्यालय बंद. शनिवारी संध्याकाळी टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, तो पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. रविवारी अपडेट, लगेच टोकन लावून पोर्टलवर लॉगिन होतंय का बघा. बिघडलंच तर सोमवारचा दिवस हाताशी असतो.

फोंडा_सर्व्हिस
तारखेवर भांडताय, पण गोव्यात मशीन बसतं ते बहुतेक वीज गेल्याने. जून ते सप्टेंबर झाड तारेवर पडलं की सत्तरी, सांगे, काणकोणात लाइट कधी येईल सांगता येत नाही. म्हणून अपडेटचे टप्पे वेगळे ओळखा.

डाउनलोड होताना वीज गेली तर काही बिघडत नाही, ते पुढे चालू होतं. धोका रीस्टार्टनंतर ‘अपडेट चालू आहे, ३० टक्के’ दिसतं तेव्हा. तिथे सिस्टीमच्या फायली बदलत असतात. वीज गेली तर विंडोज बहुधा केलेले बदल मागे घेतं, पण जुन्या हार्ड डिस्कवर त्यात तासभर जातो. लोक कंटाळून बटण दाबून ठेवतात आणि तिथे खरी वाट लागते. एसएसडीवर (नव्या, वेगवान डिस्कवर) हेच काम साधारण पाच-दहा मिनिटांचं. सर्वांत वाईट म्हणजे बायोस किंवा फर्मवेअरचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट, कारण ते अर्धवट राहिलं तर बोर्डच उठत नाही. ते पावसाळ्यात यूपीएसशिवाय घेऊच नका.

‘घरी इन्व्हर्टर आहे’ हे पुरेसं नाही. त्याच्या मागे किंवा बाजूला एक छोटी कळ असते, यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर वीज जाऊन बॅटरी येईपर्यंतचा खंड संगणकाला जास्त होतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. कळ यूपीएसवर असेल तर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि संगणक टिकतो. मात्र यूपीएसवर इन्व्हर्टर कमी दाबाची वीज घेत नाही. ढोबळमानाने १८० व्होल्टच्या खाली गेली की बॅटरीवर जातो, म्हणून पावसाळ्यात बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी. कार्यालयात ६०० व्हीएचा यूपीएस एका डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, गरम होताना तो एकटाच सगळा भार खातो.

तेव्हा माझा क्रम असा: डाउनलोड केव्हाही होऊ द्या, रीस्टार्ट मात्र स्वतः बसून करा. वीज खात्याच्या दुरुस्तीसाठीच्या बंदच्या सूचना वर्तमानपत्रात येतात, त्या आदल्या दिवशी बघा.

वास्को_नेटवर्क
विजेचं मान्य. पण त्यावरून ‘पावसाळाभर अपडेटच नको’ असं कुणी म्हणू नये. चार महिने उघडं मशीन ठेवण्यापेक्षा यूपीएस स्वस्त पडतो.

साखळी_लिनक्स
उबंटू या लिनक्सवर सुरक्षा अपडेट आपोआप लागतात, ती तशीच चालू द्या. मिंट या दुसऱ्या लिनक्सवर आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टीमची परत जाता येईल अशी प्रत) घ्या. नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालला नाही तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना निवडता येतो, एवढी सोय विंडोजला नाही. फक्त कर्नल जिथे राहतात ते /बूट विभाजन वेगळं आणि लहान असेल तर ते भरून अपडेट अर्ध्यावर अडकतं. जुने कर्नल काढत जा.

फोंडा_सर्व्हिस
विंडोजलाही परतीची वाट आहे, लोकांना ठाऊक नसते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे मासिक पॅच आणि आवृत्तीबदल वेगळे काढता येतात. आवृत्तीबदल मागे घ्यायला मुळात दहाच दिवस मिळतात. म्हणजे डिचोलीकर, दहा दिवस थांबणं एकवेळ ठीक, पण लावल्यावर दहा दिवस न तपासणं महागात पडतं.

त्या वाटेवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, उभा असू शकतो. जुलै २०२४ च्या पॅचनंतर काही मशीन सुरू होतानाच निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागली. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण खातं कुणाच्या नावाने उघडलं तेच कार्यालयात ठाऊक नसतं. आजच खात्यात बघा, कागदावर लिहा. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं कागदावरच्याशी जुळवायची. एका कार्यालयात चार मशीन असतील तर चार वेगळ्या की असतात.

डिचोलीकर
रविवारचं गणित पटलं. पण सगळी मशीन एकदम नको. गुरुवारी ज्या मशीनवर काउंटर चालत नाही ते एक, आणि त्यावरून शेअर प्रिंटरवर एक पान छापून बघायचं. शुक्रवार-शनिवार काही कुरकुर नसेल तर रविवारी बाकीची. म्हापशात शुक्रवारचा बाजार, त्या दिवशी काउंटरला हातच नाही लावायचा. हॉटेलवाल्यांनी रविवारऐवजी सोमवार दुपार धरावी, रविवारी चेकआउटची गर्दी असते.

वास्को_नेटवर्क
गुरुवार-रविवार चालेल, एक अपवाद सोडून. घरून काम करायला कुणी राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय) थेट इंटरनेटवर ठेवला असेल, तर त्या मशीनला रविवारपर्यंतही थांबता येणार नाही. राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान आजच उघडा. ३३८९ दिसला तर आधी तो बंद करा, आत यायला व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) लावा, आणि मग त्या मशीनला बाकीच्यांच्या रांगेत उभं करा.